देवळालीचे गणितानंद

१९०५ हा आकडा घ्यावा. त्यातील अंक उतरत्या क्रमाने लिहिले तर ९५१० ही सर्वांत मोठी संख्या मिळते. चढत्या क्रमाने लिहिले तर ०१५९ ही सर्वांत लहान. मोठीतून लहान वजा केली की ९३५१ उरतात. या नव्या संख्येवर पुन्हा तीच क्रिया करावी. मग येतात ८१७२. आणि पुढे ओळीने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४. आता येथून पुढे जाता येत नाही. ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ हेच उत्तर हाती येते आणि कितीही वेळा वजाबाकी केली तरी तेच येत राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी तिचा प्रवास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी संपतो.

उदाहरणासाठी घेतलेले १९०५ हे वर्ष, ज्यांनी ही क्रिया शोधली त्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या जन्माचे. ६१७४ या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखले जाते. हे नाव धारण करणारा माणूस कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता, कोणत्याही संशोधन संस्थेत नव्हता, त्याच्याकडे पदव्युत्तर पदवीही नव्हती. नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेत मुलांना गणित शिकवणारे ते एक मास्तर होते.

ज्योतिषी वडिलांचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हे किनाऱ्यावरचे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले आणि मुलाच्या संगोपनाचा भार वडिलांवर आला. वडील कारकुनी करीत. त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद होता. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आली, आणि आकडेमोड हातची झाल्याखेरीज ग्रहांचे गणित जमत नाही. फलज्योतिषावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न वेगळा. पण घरात सतत चाललेल्या त्या आकडेमोडीने मुलाच्या मनात संख्यांविषयी जी जवळीक निर्माण केली, ती आयुष्यभर टिकली.

पुढील शिक्षण ठाण्याला झाले. शाळेत असतानाच त्यांना कोडी सोडवण्याचा छंद जडला. गुणाकार करण्याची एखादी जवळची वाट सापडते का, हे शोधण्यात तास न् तास निघून जात. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. ज्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर र. पु. परांजपे यांनी भूषविले, तेथे गणिताला वेगळेच वलय होते. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक १९२७ मध्ये कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. त्याच सुमारास देवळालीला शिक्षकाची नोकरी मिळाली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. इंग्रज अमदानीत मायदेशी परतणारे सैनिक येथे जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत, आणि त्या कंटाळ्याने डोके फिरते अशी ख्याती पसरली. त्यातूनच देवळालीच्या नावाचा अपभ्रंश होऊन डुलाली, म्हणजे वेडसर, हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. त्याच गावात एक शिक्षक शाळा सुटल्यावर वह्यांमागून वह्या आकड्यांनी भरीत बसे, तेव्हा पाहणाऱ्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. कापरेकरांना मात्र त्याची फिकीर नव्हती. मद्यपीला जसा प्याला सोडवत नाही तशी आपली संख्यांच्या बाबतीत अवस्था आहे, अशा अर्थाचे ते स्वतःच सांगत. लोकांनी त्यांना गणितानंद म्हणावे, हे त्यामुळे योग्यच होते.

डोंबिवली स्थानकावरचा साक्षात्कार

कापरेकरांच्या संख्यांना त्यांनी दिलेली नावे मोठी गमतीची आहेत. त्यातील एक नाव डेम्लो. हे कोणा परदेशी गणितज्ञाचे नाव असावे असा समज होण्याचा संभव आहे. पण ते आहे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील एका स्थानकाचे, म्हणजेच आजच्या डोंबिवलीचे. या संख्यांची कल्पना त्यांना तेथे सुचली, म्हणून संख्यांना स्थानकाचे नाव लाभले.

या कुळातील सर्वांत देखण्या संख्या केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गातून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असे चढत गेले की नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी महाकाय संख्या एखाद्या देवळाच्या शिखरासारखी दिसते. नऊपर्यंत चढायचे आणि तितक्याच पायऱ्यांनी उतरायचे. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग. १२३२१ च्या अंकांची बेरीज ९ म्हणजे तीनचा वर्ग, १२३४३२१ च्या अंकांची बेरीज १६ म्हणजे चारचा वर्ग. दहा वेळा १ लिहून वर्ग केला की मात्र हातचा आडवा येतो आणि शिखर ढासळते. १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळते. नियम कोठपर्यंत चालतो आणि नेमका कोठे व का मोडतो, हे पाहणे हाच कापरेकरांच्या कामाचा गाभा होता. डेम्लो संख्यांवरील त्यांचा एक निबंध के. आर. गुंजीकर यांच्यासह १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चोपन्न वाटा, एक मुक्काम

६१७४ ची ओळख कापरेकरांना १९४६ मध्ये पटली. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला आणि पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर लेखन केले. संगणक तर सोडाच, साधे गणनयंत्रही शाळामास्तरच्या आवाक्यात नसलेला तो काळ. चार अंकी संख्या हजारोंनी आहेत. त्या सर्व एकाच ठिकाणी जातात, हे कागद-पेन्सिलीने कसे पटवायचे?

थोडा विचार केला तर हे काम वाटते तितके अवघड नाही. संख्येतील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक एक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक दुसरा. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर तयार. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४ आहेत. म्हणून ८९९१ अधिक ३६०, म्हणजे ९३५१. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. अशा जोड्या मोजल्या तर केवळ ५४ भरतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वाटांवर येऊन मिळतात. त्या ५४ तपासल्या की झाले.

तरीही आश्चर्य शिल्लक राहतेच. तीन अंकी संख्यांचा प्रवास अशाच रीतीने ४९५ वर संपतो. पण दोन अंकी संख्यांना असा मुक्काम नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्यात अडकतात. पाच अंकी संख्याही फेऱ्यांतच फिरत राहतात. सहा अंकी संख्यांना एक नव्हे तर दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. शिवाय काही संख्या तेथेही न पोहोचता भोवऱ्यात सापडतात. तीन आणि चार अंकांना लाभलेले एकमेव स्थान इतरांना सहज लाभत नाही.

स्वयंभू, हर्षद आणि कापरेकर

कापरेकरांची संख्यांकडे पाहण्याची दृष्टी नातेवाईकांकडे पाहणाऱ्या माणसाची होती. कोण कोणापासून जन्मले, कोणाला जनकच नाही, हे ते शोधीत. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जनक १५. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. अशा संख्यांना, दोन लोहमार्ग जेथे मिळतात त्या स्थानकाप्रमाणे, त्यांनी जंक्शन म्हटले. पण २०, ३१, ४२ किंवा ५३ यांना जनकच सापडत नाही. या स्वयंभू संख्या. आपल्या गावाच्या प्रेमापोटी कापरेकरांनी त्यांना देवळाली संख्या असेही नाव दिले. त्यांच्यावरील पुस्तिका त्यांनी १९६३ मध्ये देवळालीहून प्रसिद्ध केली. गंमत अशी की १९६३ ही संख्याही स्वयंभूच आहे.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे संस्कृत नाव दिले. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्या हर्षद आहे. अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ६१७४ देखील हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि भागाकार येतो ३४३, म्हणजे सातचा घन.

ज्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, तर बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७. २२२३ चा वर्ग ४९४१७२९. ४९४ आणि १७२९ यांची बेरीज २२२३. वर्गाच्या उदरातून मूळ संख्या पुन्हा सुखरूप बाहेर येते. सहा अंकी १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ मिळवले की १४२८५७ परत हजर.

उपेक्षेचा प्रश्न

एवढे सारे करूनही देशातील गणिताच्या वर्तुळात कापरेकरांना फारसे स्थान मिळाले नाही. ते परिषदांना जात, निबंध वाचीत. पण अनेक व्यावसायिक गणितज्ञांच्या लेखी हा पोरखेळ होता. काहींनी त्यांची थट्टाही केली. त्यांचे बरेचसे लेखन लहान नियतकालिकांत आले किंवा पुस्तिकांच्या रूपाने त्यांनी स्वतःच छापले. शाळामास्तरच्या पगारात हा खर्च सोपा नव्हता.

या उपेक्षेमागे केवळ पदवीचा अहंकार होता, असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. आक्षेपात तथ्यही होते. कापरेकरांचे बहुतेक चमत्कार संख्या दहाच्या पद्धतीत लिहिण्यावर अवलंबून आहेत. माणसाला दहाऐवजी आठ बोटे असती आणि तो आठाच्या पटीत मोजत असता, तर ६१७४ चे सारे वैभव ओसरले असते. मूळ संख्या मूळच राहते, ती कशीही लिहा. कापरेकरांच्या संख्यांचे तसे नाही. रामानुजन यांना केंब्रिजला नेणारे हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. ९८०१ ही संख्या उलट लिहिलेल्या १०८९ च्या नऊपट असते, अशी उदाहरणे देऊन, या गोष्टी वृत्तपत्रांतील कोड्यांच्या सदराला शोभतील, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. हार्डी यांनी निवडलेली ९८०१ ही संख्या म्हणजे ९९ चा वर्ग. तिचे ९८ आणि ०१ असे तुकडे केले की बेरीज ९९ होते. म्हणजे ९९ ही कापरेकर संख्या. हार्डी जी संख्या मोडीत काढीत होते, तिच्यातच देवळालीच्या मास्तरांना पुढचा प्रश्न दिसत होता.

खरा प्रश्न असा होता, की जे नियम केवळ लिपीच्या योगायोगातून निर्माण होतात, त्यांच्या मुळाशी खोल गणित असते की नाही? कापरेकरांच्या हयातीत याचे उत्तर स्पष्ट नव्हते. सिद्धता देण्यापेक्षा नमुने शोधण्याकडे त्यांचा कल अधिक होता आणि ती त्यांची मर्यादाही होती.

सत्तरीत आलेली कीर्ती

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतनावर भागत नसल्याने त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. जगाच्या दृष्टीने ही एका सामान्य शिक्षकाची सामान्य उत्तरायुष्याची कहाणी होती. आकड्यांचे काम मात्र थांबले नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिले. गार्डनर यांचे सदर गणिताचे प्राध्यापक आणि हौशी वाचक दोघेही आवडीने वाचत. विशेष म्हणजे स्वतः गार्डनर यांच्याकडेही गणिताची पदवी नव्हती. एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसाची ओळख जगाला करून दिली आणि देवळालीचे नाव गणिताच्या नकाशावर आले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढची अकरा वर्षे ही कीर्ती त्यांच्या वाट्याला आली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी शोधलेल्या संख्यांच्या नावांचा प्रवासही बोलका आहे. हर्षद संख्यांविषयी कॅनडात जन्मलेले गणितज्ञ इव्हान निव्हेन यांनी १९७७ मध्ये एका व्याख्यानात उल्लेख केला आणि अनेक पुस्तकांत त्या निव्हेन संख्या म्हणून रूढ झाल्या. स्वयंभू संख्यांचा प्रश्न सत्तरच्या दशकात कोलंबियातून पुन्हा विचारला गेला, म्हणून त्यांना कोलंबियन संख्या हे नाव मिळाले. देवळालीहून छापलेली पुस्तिका तिकडे कोणाच्या हाती लागलेली नसणार. यात कोणाची लबाडी नव्हती. जे प्रतिष्ठित नियतकालिकात येत नाही ते जगापर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र हळूहळू मिळत गेले. १९८२ मध्ये इटलीचे उंबेर्तो झानिएर यांनी स्वयंभू संख्या संख्यारेषेवर एका निश्चित प्रमाणात विखुरलेल्या असतात, हे सिद्ध केले. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये दाखवले, की कापरेकर संख्या ९९, ९९९, ९९९९९९ अशा संख्यांच्या विभाजकांशी जखडलेल्या आहेत. १४२८५७ ला सातने गुणले की ९९९९९९ येतात, ते उगीच नव्हे. जे योगायोग वाटत होते, त्यामागे विभाज्यतेचा जुना आणि भक्कम नियम उभा होता. खेळाच्या तळाशी गणित होते; ते सिद्ध करणारे हात दुसऱ्यांचे होते, पण बोट दाखवणारा हात देवळालीतला होता.

कापरेकरांच्या कामाचे मोल केवळ एवढ्यावरच करता येणार नाही. उच्च गणिताच्या दारात उभे राहायलाही वर्षानुवर्षांची तयारी लागते. ६१७४ पाहण्यासाठी वजाबाकी आली म्हणजे पुरते. मुंबईच्या शाळेतील मुलगी असो, किंवा माण तालुक्यातील दहिवडी, म्हसवडच्या शाळेतील मुलगा. दोघांनाही पाटीवर सातच्या आत पायऱ्यांत वा फार तर सातव्या पायरीवर तीच संख्या भेटते, आणि असे का होते, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो. हा प्रश्न पडणे हीच गणिताची पहिली इयत्ता. बत्तीस-तेहतीस वर्षे वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकाने मागे ठेवावी अशी याहून उचित ठेव दुसरी नाही.

अखेरीस १९८६ या त्यांच्या निधनाच्या वर्षावरही तीच क्रिया करून पाहता येते. ९८६१ मधून १६८९ वजा केले की ८१७२ येतात. हीच संख्या १९०५ च्या वाटेवर दुसऱ्या पायरीला भेटली होती. जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष तेथे एकत्र येतात आणि पुढची वाट दोघांची एकच; ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.